विल्यम हर्शेल : आकाश मोजणारा वादक



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. नवतपा सुरू झाला की दुपारी टिनाच्या छपराखाली बसवत नाही. छपराला हात लावायची गरजच पडत नाही, दोन हात अंतरावरूनही त्याची धग चेहऱ्यावर जाणवते. आता जरा विचार करा. छपरातून डोळ्यांना दिसेल असा कोणताही उजेड बाहेर पडत नाही. रात्री अंधारात ते टिन दिसतही नाही, तरी त्याची धग जाणवतेच. म्हणजे त्यातून काहीतरी निघतंय आणि आपल्यापर्यंत पोहोचतंय. डोळ्यांना न दिसणारे हे किरण म्हणजेच अवरक्त किरण.

हे किरण ज्यांनी शोधून काढले त्यांचं नाव विल्यम हर्शेल. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे म्हणून त्यांचं नाव तुम्ही सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. पण त्यांचं खरं मोठं काम वेगळंच होतं. त्यांना अख्खं आकाश मोजायचं होतं. त्या मोजणीत एक मोठी अडचण लपलेली होती, ती त्यांना आयुष्यभर कळली नाही. आणि गंमत बघा, त्या अडचणीवरचा उपाय त्यांनीच शोधून ठेवला होता! कसा, ते आज समजून घेऊ या.

बालपण आणि संगीत

विल्यम यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर या गावी झाला. वडील आयझॅक हे सैन्याच्या बँडमध्ये ओबो नावाचं वाद्य वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या घराण्यातलंच वाद्य समजा. घरात पैसा बेताचा आणि मुलं बरीच. पण रात्री जेवणं झाली की घरात संगीतावर आणि विज्ञानावर गप्पा रंगत. वडील मुलांना अंगणात नेऊन तारेही दाखवत.

चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच बँडमध्ये दाखल झाला. पुढे युद्ध पेटलं. १७५७ साली हॅस्टनबेकच्या लढाईत हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला. त्याच वर्षी विल्यम आणि त्याचा भाऊ जेकब इंग्लंडला निघून गेले. विल्यमचं वय तेव्हा जेमतेम एकोणीस. हातात काही नाही. संगीताच्या प्रती हाताने उतरवून देणं हे पहिलं काम मिळालं. मग शिकवण्या, मग वाद्यवृंद. असं करत करत १७६६ साली बाथ या शहरातील एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादकाची चांगली नोकरी मिळाली. हर्शेल यांनी २४ सिंफनी रचल्या आहेत. म्हणजे आकाशाकडे वळले नसते तरी संगीतकार म्हणून त्यांची नोंद राहिलीच असती.

पस्तिशीत लागलेला नाद

संगीताचं शास्त्र वाचता वाचता ते गणिताकडे वळले, गणितातून प्रकाशशास्त्राकडे आणि तिथून खगोलशास्त्राकडे. १७७३ साली, म्हणजे पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी खगोलशास्त्राचं पुस्तक विकत घेतलं. कुठल्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मनात मात्र एक हट्ट होता : पुस्तकात लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

त्यासाठी मोठी दुर्बीण हवी, आणि मोठी दुर्बीण परवडणारी नव्हती. मग काय केलं? स्वतःच बनवायला घेतली! त्या काळी दुर्बिणीतला आरसा काचेचा नसायचा. तांबं आणि कथील वितळवून त्याची तबकडी ओतायची आणि ती तासन् तास घासून चकचकीत करायची. घासणं मध्येच थांबवलं की आकार बिघडण्याची भीती. घराचा कारखाना झाला. एकदा तर तळघरात ओतकाम चालू असताना साचा फुटला, तापलेला धातू फरशीवर सांडला आणि फरशीचे दगड तडतड उडाले. सगळे जीव घेऊन पळाले.

या सगळ्या उद्योगात त्यांच्या जोडीला होती धाकटी बहीण कॅरोलिन. लहानपणी आजारपणामुळे तिची वाढ खुंटली होती, उंची चार फुटांच्या थोडी वर. हॅनोव्हरच्या घरी तिच्या वाट्याला फक्त घरकाम आलं होतं. १७७२ साली विल्यम तिला इंग्लंडला घेऊन आले. तिथे ती गाणं शिकली, गणित शिकली. भाऊ आरसा घासायला बसला की त्याचे हात मोकळे नसायचे, तेव्हा ती त्याला घास भरवायची. कधी कधी हे काम सोळा सोळा तास चालायचं.

युरेनस आणि बदललेलं आयुष्य

१३ मार्च १७८१ च्या रात्री हर्शेल बाथमधील आपल्या घराच्या बागेतून तारे तपासत होते. आरसा होता सहा इंचांहून जरा मोठा. एक तारा त्यांना वेगळा वाटला. इतर तारे ठिपक्यासारखे, हा मात्र तबकडीसारखा. काही दिवसांनी तो जागेवरून सरकलेला दिसला. त्यांना आधी तो धूमकेतू वाटला. पुढे गणितावरून ठरलं की हा ग्रह आहे. प्राचीन काळापासून माणसाला माहीत असलेल्या ग्रहांमध्ये पहिल्यांदाच भर पडली.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज खूश झाला. त्याने हर्शेल यांना वर्षाला २०० पौंड मानधन दिलं. संगीताच्या शिकवण्या सुटल्या. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा वादक पूर्णवेळ खगोलशास्त्रज्ञ झाला. पुढे १७८७ पासून कॅरोलिन यांनाही वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. विज्ञानाच्या कामासाठी स्त्रीला पगार मिळण्याचं हे फार सुरुवातीचं उदाहरण आहे. त्यांनी स्वतः आठ धूमकेतू शोधले, हेही लक्षात ठेवा.

आकाशाचा झाडू

आता मुख्य कामाकडे येऊ. आकाशात ताऱ्यांशिवाय काही अंधुक, धुरकट डागही दिसतात. त्यांना तेव्हा तेजोमेघ म्हणत. तुम्ही गावापासून दूर, शेतात, अमावास्येच्या आसपास हिवाळ्यात वर बघितलं तर देवयानीमधला असा एक डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. फ्रान्सच्या मेसिए यांनी अशा सुमारे शंभर डागांची यादी केली होती.

हर्शेल यांनी ऑक्टोबर १७८३ पासून २० फूट लांबीच्या दुर्बिणीने अख्खं आकाश झाडायला घेतलं. हो, झाडायलाच! दुर्बीण दक्षिणेकडे रोखून ठेवायची आणि हळूहळू वर-खाली करायची. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशाचा पट्टा आपोआप समोरून सरकत जातो. शेतात एकेक तास धरून निंदण करतो ना, तसंच. एक पट्टा संपला की दुसऱ्या रात्री दुसरा.

हर्शेल उंच शिडीवर दुर्बिणीपाशी उभे असत. दिसेल ते ओरडून सांगत. खाली खिडकीपाशी कॅरोलिन घड्याळ बघून वेळ आणि जागा लिहून घेत. थंडी अशी की दौतीतली शाई गोठायची. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री बर्फातून धावताना कॅरोलिन घसरून पडल्या आणि एक लोखंडी आकडा त्यांच्या मांडीत घुसला. काही दिवसांत त्या परत कामावर हजर झाल्या.

असं वीस वर्षं चाललं. १७८६ साली एक हजार, १७८९ साली आणखी एक हजार आणि १८०२ साली पाचशे अशा तीन याद्या छापून आल्या. शंभरावरून अडीच हजार!

आणि या याद्या करताना एक गोष्ट हर्शेल यांच्या लक्षात आली. तेजोमेघ आकाशात सारखे पसरलेले नाहीत. कितीतरी वेळ एकही दिसत नाही, आणि मग एकाच रात्री एकाच पट्ट्यात रांगच लागते. कन्या रास आणि तिच्या वरचा अरुंधतीकेश हा तारकासमूह, या भागात तर त्यांची दाटी होती. आज आपल्याला माहीत आहे की यांतले बहुतेक डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या दीर्घिका आहेत आणि ती दाटी म्हणजे दीर्घिकांचे प्रचंड समूह आहेत. दीर्घिका घोळक्याने राहतात, याची ठळक नोंद अशी झाली.

मोजणी आणि तिच्यातली खोट

त्याच सुमारास हर्शेल यांनी दुसरंही एक धाडस केलं. आपली आकाशगंगा कशा आकाराची आहे? त्यांनी आकाशातल्या सहाशेहून अधिक ठिकाणी दुर्बीण रोखून त्या गोल चौकटीत किती तारे दिसतात ते मोजलं. कुठे एक-दोन, कुठे शेकडो. जिकडे तारे जास्त, तिकडे आकाशगंगा जास्त दूरवर पसरलेली, असा साधा हिशोब त्यांनी धरला. १७८५ साली त्यांनी नकाशा काढला. त्यात आपला सूर्य जवळजवळ मध्यभागी आला.

हा नकाशा चुकीचा होता. का? हर्शेल यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या : तारे सगळीकडे सारख्या अंतरावर पसरलेत आणि आपल्या दुर्बिणीला आकाशगंगेच्या कडेपर्यंत दिसतं. पुढे ४८ इंची आरशाची, ४० फूट लांबीची दुर्बीण तयार झाल्यावर तिच्यातून आणखी तारे दिसू लागले. म्हणजे कड दिसतच नव्हती. हर्शेल यांनी म्हातारपणी ही गृहीतकं टिकत नाहीत हे स्वतःच जाहीरपणे मांडलं. स्वतःचाच गाजलेला नकाशा बाजूला ठेवायला मन मोठं लागतं, मित्रांनो.

पण खरी खोट त्यांच्याही नजरेतून सुटली. वृश्चिक राशीत त्यांना एक काळी, ताऱ्यांविना जागा दिसली होती. त्यांना वाटलं, आकाशाला इथे भोक पडलंय. आजूबाजूचे तारे एकत्र ओढले गेले म्हणून ही जागा रिकामी झाली असावी. प्रत्यक्षात ते भोक नव्हतं, तिथे पडदा होता! ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ असते आणि ती मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते. चैत्र-वैशाखात वावटळ उठली की समोरचा रस्ता दिसेनासा होतो, म्हणून रस्ता संपला असं आपण म्हणतो का? ही धूळ सगळ्या आकाशगंगेत पसरली आहे हे १९३० साली ट्रम्पलर यांनी दाखवून दिलं. तोवर हर्शेल यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती.

हीच धूळ दीर्घिकांच्या मोजणीतही घोळ करते. आकाशगंगेच्या पट्ट्यामागे दीर्घिका जवळजवळ दिसतच नाहीत. आता त्या तिथे नाहीत म्हणून दिसत नाहीत, की झाकल्या गेल्या म्हणून? हे ठरवल्याशिवाय घोळके मोजायचे कसे?

१८०० साल : थर्मामीटरची साक्ष

आता तो दुसरा शोध. सूर्याचे निरीक्षण करताना हर्शेल रंगीत काचा वापरत. काही काचांतून उजेड कमी यायचा पण डोळ्याला गरम लागायचं, काहींतून उलट. मग कोणत्या रंगात उष्णता किती, हे मोजायचं त्यांनी ठरवलं.

लोलकातून सूर्यप्रकाश जाऊ दिला, टेबलावर सात रंगांचा पट्टा पडला. काळे रंगवलेले थर्मामीटर घेतले. एक रंगात ठेवला, बाकीचे बाजूला सावलीत ठेवले, म्हणजे खोलीच्या तापमानाशी तुलना करता येईल. हे फार महत्त्वाचं आहे, प्रयोगवहीत आपण यालाच नियंत्रण म्हणतो. जांभळ्यात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात ३ च्या वर, तांबड्यात जवळजवळ ७.

मग त्यांनी थर्मामीटर तांबड्याच्या पलीकडे सरकवला. तिथे रंग नाही, उजेड नाही, नुसतं टेबल. पारा आणखी वर चढला! सूर्याकडून असेही किरण येतात जे डोळ्यांना दिसत नाहीत, हे सिद्ध झालं. हर्शेल यांचा पुढे असा समज झाला की हे उष्णतेचे किरण आणि प्रकाश या वेगळ्या गोष्टी आहेत. तो समज नंतर बदलला. दोन्ही एकाच जातीचे तरंग, फक्त अवरक्त किरणांची तरंगलांबी मोठी. आणि तरंगलांबी मोठी असल्यामुळेच हे किरण बारीक धुळीतून बरेचसे पार होतात.

लक्षात आलं का? धुळीच्या पडद्याआड बघण्याची किल्ली हर्शेल यांच्याच टेबलावर पडली होती. पण तिचं कुलूप कुठलं, हे कळायला पुढची दोन शतकं जावी लागली.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी हर्शेल यांचं निधन झालं. त्यांच्या युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. कॅरोलिन हॅनोव्हरला परतल्या. त्यांनी अडीच हजार तेजोमेघांची यादी नीट लावून भाचा जॉन याच्या हाती दिली. जॉनने दक्षिण आफ्रिकेत जाऊन दक्षिणेचं आकाशही तपासलं. १८८८ साली निघालेल्या एनजीसी नावाच्या यादीचा पाया हेच काम आहे. खगोलशास्त्रज्ञ ती यादी आजही वापरतात.

अवरक्त किरणांनी घोळके मोजले

२५ जानेवारी १९८३ रोजी आयरास नावाचा उपग्रह आकाशात गेला. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा हा संयुक्त प्रकल्प. आरसा फक्त ५७ सेंटीमीटरचा, म्हणजे हर्शेल यांच्या मोठ्या आरशाच्या निम्म्याहूनही लहान. पण तो द्रवरूप हेलियमने उणे २६० अंश सेल्सिअसच्याही खाली थंड केलेला होता. इतकं थंड कशासाठी? कारण गरम दुर्बीण स्वतःच अवरक्त किरण सोडते. भर दुपारी पणतीचा उजेड शोधण्यासारखं ते झालं असतं. दहा महिन्यांत हेलियम संपलं, पण तोवर आयरासने ९६ टक्के आकाश पाहून घेतलं होतं.

आता घोळके मोजायचे कसे? नुसतं बघून दाट आहे असं म्हणणं पुरेसं नाही. आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. पऱ्हाटीच्या शेतात झाडं ओळीत, ठरावीक अंतरावर असतात. टिपेश्वरच्या जंगलात सागाची झाडं कशीही उगवलेली असतात, कुठे दाट, कुठे विरळ. हा फरक आकड्यांत मांडायचा तर जोड्या मोजायच्या. ठरावीक अंतरावर असलेल्या झाडांच्या जोड्या किती? आणि तेवढीच झाडं डोळे मिटून कशीही फेकली असती तर किती जोड्या मिळाल्या असत्या? फेकलेल्यांत १०० जोड्या आणि खऱ्या जंगलात २००, तर त्या अंतरावर दुप्पट दाटी.

दीर्घिकांसाठीही हेच करतात. त्यांचं अंतर ताम्रसृतीवरून काढतात. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो, जितकी दूर तितका जास्त. असा हिशोब केल्यावर दिसतं की साधारण दोन कोटी प्रकाशवर्षे अंतरावर जोड्यांची संख्या दुप्पट असते. जवळच्या अंतरावर दाटी याहून कितीतरी जास्त आणि लांबच्या अंतरावर कमी होत जाते.

आयरासच्या यादीतून अंतरं काढून १९९१ साली एक मोठा निष्कर्ष आला. फार मोठ्या अंतरांवरही दीर्घिकांची दाटी, त्या वेळच्या लोकप्रिय सिद्धांताने सांगितली होती त्यापेक्षा जास्त निघाली. तो सिद्धांत दुरुस्त करावा लागला. पुढे सुमारे १५ हजार दीर्घिकांचा, आकाशाचा ८४ टक्के भाग व्यापणारा नकाशा तयार झाला. १९९७ ते २००१ या काळात टूमास या सर्वेक्षणाने जमिनीवरून, अ‍ॅरिझोना आणि चिली इथल्या दोन दुर्बिणींनी, अख्खं आकाश अवरक्तात टिपलं.

पण एक सावधगिरी. आयरासला धुळीने भरलेल्या, नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिका जास्त दिसतात. दाट समूहांच्या मध्यभागी अशा दीर्घिका कमी असतात. म्हणून आयरासच्या यादीत दाटी थोडी कमी भरते. म्हणजे कोणत्या चाळणीने चाळलं, हे सांगितल्याशिवाय मोजणी पूर्ण होत नाही. हर्शेल यांच्या नकाशाने शिकवलेला धडा तो हाच.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालतं. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर, दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. त्याचं नाव ठेवलं सरस्वती. तो शोध दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणातून लागला. २००९ साली सोडलेल्या साडेतीन मीटर आरशाच्या अवरक्त अवकाश दुर्बिणीला मात्र नाव दिलं गेलं हर्शेल. आणि मार्च २०२५ मध्ये स्फिरेक्स ही नवी दुर्बीण अवरक्तातच कोट्यवधी दीर्घिकांची मोजणी करायला निघाली आहे. आकाश झाडण्याचं काम अजून चालूच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• जन्म : १५ नोव्हेंबर १७३८, हॅनोव्हर. मृत्यू : २५ ऑगस्ट १८२२, स्लाव.
• १७८१ : युरेनसचा शोध. १८०० : अवरक्त किरणांचा शोध.
• कॅरोलिनसह अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छांची नोंद. दीर्घिकांच्या दाटीची ठळक नोंद.
• धूळ दृश्य प्रकाश अडवते, अवरक्त किरण तिच्यातून बरेचसे पार होतात.

करून पहा

एका कोऱ्या कागदावर ज्वारीचे ५० दाणे थोड्या उंचीवरून सोडा. जिथे पडतील तिथे पेनाने ठिपका द्या. एकमेकांपासून १ सेंटीमीटरच्या आत असलेल्या जोड्या मोजून वहीत लिहा. आता तेवढ्याच आकाराच्या कागदावर जिल्ह्याच्या नकाशातून कोणतीही ५० गावं उतरवा आणि तशाच जोड्या मोजा. कुठे जास्त आल्या? गावं नदीच्या काठाने, रस्त्याच्या कडेने एकत्र आलेली दिसतात का? आणि नकाशात लहान वस्त्या दाखवल्याच नसतील, तर तुमचं उत्तर किती बदलेल? शेवटच्या प्रश्नावर वर्गात नक्की चर्चा करा.